शीला बर्लिंग बदलते, म्हणजे तिच्यात नेमकं काय बदलतं?

जे. बी. प्रीस्टली यांच्या 'ॲन इन्स्पेक्टर कॉल्स' या नाटकातल्या शीलाविषयी एक वाक्य जिथे तिथे वाचायला मिळतं: ती आधी लाडावलेली आणि उथळ असते, नंतर समंजस आणि जबाबदार होते. वाक्य खोटं नाही, पण त्याचा उपयोगही फारसा नाही. तिचा उथळपणा कुठल्या कृतीत दिसतो? जबाबदार झाली म्हणजे ती काय वेगळं करते? आणि बदल झाला असं कुठल्या क्षणापासून म्हणायचं? बरेच वाचक पहिल्या अंकात ती रडते तिथे बोट ठेवतात. ती जागा घाईची आहे. रडताना तिला काहीच सोडावं लागत नाही. शीलाची कसोटी लागते ती तिसऱ्या अंकात, शिक्षेची आणि बदनामीची भीती उरलेली नसताना. तिथवर ती कशी पोचते, ते प्रसंग घेऊन पाहू.

घटना, तारखांच्या क्रमाने

इंग्लंडच्या उत्तर मिडलँड्समधलं ब्रम्ली हे काल्पनिक कारखानदारी शहर, १९१२च्या वसंतातली एक संध्याकाळ. कारखानदार आर्थर बर्लिंग यांच्या घरी मुलगी शीला आणि जेराल्ड क्रॉफ्ट यांच्या साखरपुड्याची मेजवानी चालली आहे. शीलाची आई सिबिल आणि भाऊ एरिकही टेबलावर आहेत. तेवढ्यात गूल नावाचा इन्स्पेक्टर येतो आणि सांगतो, की इव्हा स्मिथ नावाची चोवीस वर्षांची मुलगी जंतुनाशक पिऊन दोन तासांपूर्वी इस्पितळात मरण पावली. मग एकेकाची चौकशी सुरू होते आणि त्या मुलीच्या शेवटच्या दीड-दोन वर्षांत या पाचही जणांचा हात होता हे बाहेर येतं.

इव्हा बर्लिंगच्या कारखान्यात होती. आठवड्याला साडेबावीस शिलिंग मिळत (वीस शिलिंगांचा एक पौंड). तिने आणि इतर बायकांनी पंचवीस मागितले. फरक अडीच शिलिंगांचा, म्हणजे एका बाईमागे वर्षाला साडेसहा पौंड. संप फसला आणि सप्टेंबर १९१०च्या अखेरीस पुढाकार घेणाऱ्या चार-पाच जणींना काढलं, त्यात इव्हा होती. दोन महिने ती बेकार राहिली. डिसेंबरमध्ये मिलवर्ड्स या कपड्यांच्या उंची दुकानात इन्फ्लुएन्झाची साथ पसरून माणसं कमी पडली, म्हणून तिला तिथे काम लागलं. जानेवारी १९११च्या शेवटी शीलाच्या तक्रारीवरून तेही गेलं. मार्चमध्ये जेराल्ड तिला भेटला. तोवर तिने डेझी रेंटन हे नाव घेतलं होतं. त्याने तिची राहण्याची सोय केली, तिच्याशी संबंध ठेवले आणि सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात ते संपवले. नोव्हेंबरमध्ये एरिक आला. तिला दिवस गेले आणि तिला देण्यासाठी एरिकने वडिलांच्या कंपनीतून जवळपास पन्नास पौंड चोरले. (तिच्या जुन्या पगाराच्या हिशेबाने ही रक्कम चव्वेचाळीस आठवड्यांची होते. या घरात ती काही महिने कुणाच्या लक्षातही आली नाही.) पैसे चोरीचे आहेत हे कळल्यावर तिने ते घ्यायचं नाकारलं आणि बायकांना मदत करणाऱ्या एका संस्थेकडे अर्ज केला. मृत्यूच्या दोन आठवडे आधी तो अर्ज फेटाळला गेला, सिबिल बर्लिंगच्या वजनामुळे.

शीलाचा नंबर दुसरा का?

चौकशीचा क्रम असा: वडील, शीला, जेराल्ड, आई, एरिक. घटनांचा क्रम बहुतांशी हाच आहे. फक्त शेवटी प्रीस्टली आई आणि एरिक यांची अदलाबदल करतो, म्हणजे आई स्वतःच्या तोंडाने आपल्याच मुलाला दोषी ठरवून बसते. शीलाचा कबुलीजबाब पहिला अंक संपण्याआधीच उरकलेला असतो, आणि तिच्या वाढीचं तांत्रिक कारण तिथेच आहे.

दुसरा अंक सुरू होतो तेव्हा तिच्याकडे लपवण्यासारखं काही उरलेलं नसतं. बाकीचे आपापली बाजू सावरण्यात गुंतलेले असताना ती एकटीच शांतपणे बघू शकते, इन्स्पेक्टर काय करतोय ते ओळखू शकते, पुढच्याला सावध करू शकते. आई आणि एरिक यांना ही मोकळीक मिळतच नाही. एरिक तर तिसऱ्या अंकात बोलतो आणि लगेच त्याला आयुष्यभराचा हिशेब मांडावा लागतो. तेव्हा 'शीला मुळातच चांगली होती म्हणून बदलली' हे उत्तर देण्याआधी लेखकाने तिला बदलायला किती वेळ दिला ते मोजावं. नाटकाचे तिन्ही अंक एकाच संध्याकाळी, एकाच जेवणघरात, मध्ये वेळ न जाता घडतात. एवढ्या अवधीत माणूस उलटापालटा झालेला प्रेक्षकाला पटवायचा तर बी आधी पेरावं लागतं.

ते पेरलेलंही आहे. मेजवानीच्या सुरुवातीलाच ती जेराल्डला गंमतीच्या सुरात टोकते, की गेल्या उन्हाळ्यात तू माझ्याकडे फिरकला नव्हतास. तो म्हणतो, कामात होतो. तिला ते पटलेलं नसतं. म्हणजे डोळे तिला पहिल्यापासून आहेत. दिसलेल्या गोष्टीचा पाठपुरावा करायची सवय तेवढी नाही.

मिलवर्ड्समधली दहा मिनिटं

शीलाचा गुन्हा नीट उलगडून वाचला पाहिजे, कारण पाचांपैकी तोच सगळ्यात किरकोळ दिसतो. ती एक ड्रेस घालून बघायला गेली होती. आईने आणि दुकानातल्या बाईने तो तुला शोभणार नाही असं आधीच सांगितलं होतं, पण हिने हट्ट धरला. घालून पाहिल्यावर त्यांचंच खरं निघालं. इव्हाने तो ड्रेस आणताना स्वतःच्या अंगासमोर धरून दाखवला होता आणि तिला तो अगदी शोभत होता. मग शीलाला आरशात दिसलं, की इव्हा दुसऱ्या मदतनीस बाईकडे पाहून हसते आहे. शीला संतापली. ती मॅनेजरकडे गेली, मुलगी उर्मट आहे म्हणाली, आणि हिला काढलं नाही तर मी इथे पुन्हा पाऊल ठेवणार नाही, आईलाही तुमच्याकडचं खातं बंद करायला लावीन, अशी धमकी दिली.

यात तीन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली म्हणजे मत्सर. तो कुणालाही वाटू शकतो आणि एवढ्यावर कुणाचं नुकसान होत नाही. दुसरी म्हणजे हत्यार: आईचं खातं. शीलाने स्वतः एक पेनीही कमावलेली नाही, तरी घरच्या खरेदीच्या जोरावर ती एका माणसाची रोजीरोटी थांबवू शकते. मत्सराचं अन्यायात रूपांतर होतं ते या दुसऱ्या गोष्टीमुळे. इव्हालाही शीलाचा राग आला असेल, पण त्या रागाला लावायला तिच्याकडे खातं नव्हतं. तिसरी गोष्ट म्हणजे नंतरचं न बघणं. त्या वेळी हे फार भयंकर वाटलं नव्हतं, असं शीला स्वतः सांगते. दुकानातून बाहेर पडल्यावर त्या मुलीचं पुढे काय झालं हे विचारायची तिला गरज पडली नाही, आणि विशेषाधिकाराचा अर्थ व्यवहारात बराचसा हाच असतो.

शीला आणखी एक गोष्ट कबूल करते, आणि तिच्याकडे फार कमी लोक लक्ष देतात. ती म्हणते, ती मुलगी दिसायला गरीब बापडी असती तर मी बहुधा असं केलं नसतं. पण ती देखणी होती, स्वतःची काळजी स्वतः घेईल अशी वाटत होती, म्हणून मला तिची कीव आली नाही. म्हणजे हिची दया मिळवायची तर समोरच्याने आधी दीनवाणं दिसायला हवं. आईची धर्मादाय संस्थाही नेमक्या याच नियमाने चालते: अर्जदार पुरेशी लीन नसेल तर मदत नाही. फरक एवढाच, की मुलीला हा नियम स्वतःत दिसला आणि तिने तो उघड सांगितला. आईला तो कधीच दिसत नाही.

पहिल्या अंकातली सहानुभूती किती खरी?

आत्महत्येची बातमी ऐकल्यावर शीलाची पहिली प्रतिक्रिया हळहळीची असते, पण लगेच ती म्हणते, मी आज इतकी आनंदात होते, तुम्ही हे सांगितलं नसतं तर बरं झालं असतं. मग विचारते, तरुण होती का? सुंदर होती का? या प्रश्नांवरून तिला दुष्ट ठरवू नये. मरणारी आपल्यासारखी होती का, हे ती चाचपते आहे.

थोड्या वेळाने वडिलांनी इव्हाला काढल्याचं कळतं आणि शीला त्यांना सुनावते, की या मुली म्हणजे स्वस्त मजूर नव्हेत, माणसं आहेत. टाळी घेणारं वाक्य आहे. निबंधांत ते हमखास तिच्या परिवर्तनाचा पुरावा म्हणून येतं, आणि गफलत तिथेच होते. हे वाक्य ती म्हणते तेव्हा तिचं स्वतःचं नाव अजून आलेलं नाही. दोष वडिलांचा आहे, न्यायाची बाजू फुकट घेता येते. काही मिनिटांनी इन्स्पेक्टर तिला फोटो दाखवतो. ती उजेडाजवळ जाऊन बघते, हुंदका दाबते आणि बाहेर धावते. हा क्रम जाणून घडवलेला आहे: आधी तत्त्व, मग आरसा.

ती परत येते तेव्हा मात्र वडिलांहून वेगळं वागते. बर्लिंगचा पवित्रा असा असतो, की दोन वर्षांपूर्वीच्या घटनेचा आजच्या मृत्यूशी काय संबंध? कायद्याच्या भाषेत हा बिनतोड बचाव आहे. शीला असा एकही बचाव पुढे करत नाही. ती विचारते, म्हणजे मी जबाबदार आहे का? इन्स्पेक्टर तिला पूर्ण दोषी ठरवत नाही. अंशतः, तुझ्या वडिलांसारखीच, असं म्हणतो. आता तिला मदत करता आली तर मी करीन, असं ती म्हणते, तेव्हाही तो दिलासा देत नाही: मुलगी मेली आहे, आता उशीर झाला. पश्चात्तापाने परतफेड होत नाही हे तिला पहिल्याच अंकात ऐकवून ठेवलेलं आहे. पुढच्या दोन अंकांत ती काय करते, त्याचा अर्थ या उत्तराच्या उजेडात लावायचा.

खोलीत थांबणं

दुसऱ्या अंकाच्या सुरुवातीला जेराल्ड म्हणतो, शीलाला आता बाहेर जाऊ द्या, तिने पुरेसं सोसलं आहे. शीला जायला नकार देते. स्वतःवर बेतलं तसं आता दुसऱ्यावर बेतलेलं बघायचंय का तुला, असा टोमणा जेराल्ड मारतो आणि ती दुखावते. पुढे वडीलही तिला यात ओढण्याला हरकत घेतात, कारण अविवाहित तरुण मुलीच्या कानावर असल्या गोष्टी पडू नयेत. त्याआधीच, तरुण मुलींना अशा गोष्टींपासून वाचवावं असं जेराल्डने म्हटल्यावर इन्स्पेक्टरने सुनावलेलं असतं, की जिला कुणी वाचवलं नाही अशी एक तरुण मुलगी आपल्याला माहीत आहे.

शीलाच्या वाढीची पहिली ठोस कृती म्हणजे हे थांबणं. 'सांगितलं नसतं तर बरं झालं असतं' म्हणणारी मुलगी तासाभरात 'मी सगळं ऐकणार' म्हणते. इन्स्पेक्टर त्याचं कारण देतो: ती आत्ता बाहेर गेली तर रात्रभर एकटीच दोषी राहील, बाकीच्यांचा वाटा कळला तर दोष वाटून घेता येईल. यात तिचा स्वतःचा स्वार्थही थोडा आहे, आणि म्हणूनच ते पटतं.

मग आई येते, नेहमीच्या तोऱ्यात. शीला तिला बजावते, की त्या मुलीच्या आणि आपल्यामध्ये भिंत उभी करू नकोस. इन्स्पेक्टर ती पाडेल, आणि पाडली की जास्त लागेल. आई तिला थकलेली, भडकलेली पोर समजून गप्प करू पाहते. एरिक गेली दोन वर्षं सतत जास्त पितो आहे हेही शीलाच उघड करते. इथे तिच्या बोलण्याची चाल बदललेली दिसते. पहिल्या अंकात वडिलांनी लक्ष दे म्हटल्यावर ती लगेच माफी मागते, आईला लाडाने मम्मी म्हणते. दुसऱ्या अंकात तिच्या तोंडी 'मदर' येतं आणि वडील मध्ये बोलले तर ती त्यांना थोपवते: कृपया मध्ये पडू नका, मी काय म्हणते ते जेराल्डला कळतंय, तुम्हाला कळत नाही असं दिसतंय.

हे ती अंगठी परत करताना म्हणते. तो प्रसंग नाटकातल्या सर्वांत प्रगल्भ प्रसंगांपैकी एक आहे, आणि सर्वांत जास्त बिघडवला जाणाराही. जेराल्डचं प्रकरण ऐकताना शीलाने उपरोध सोडलेला नसतो. त्या मुलीच्या नजरेत तू राजपुत्र झालास, तुला आवडलंच असणार, असं ती बोलून जाते. पण अंगठी देताना ती म्हणते, अर्ध्या तासापूर्वी तुझा जेवढा राग होता तेवढा आता नाही, उलट आदर थोडा वाढलाय. सुरुवातीला तू तिला दयेपोटी मदत केलीस यावर माझा विश्वास आहे. आणि ती इतकी हताश झाली होती ती माझ्यामुळे. आपण दोघं जेवायला बसलो तेव्हाची माणसं आता राहिलो नाही, ओळख नव्याने करून घ्यावी लागेल.

फसवली गेलेली मुलगी या क्षणी सहज वरचढ होऊ शकली असती. तिने जेराल्डच्या अपराधात आपल्या अपराधाचा धागा जोडून घेतला: मिलवर्ड्समधून नोकरी गेली नसती तर डेझी त्या नाट्यगृहाच्या बारमध्ये पोचलीच नसती. कार्यकारणाची ही साखळी इन्स्पेक्टर सर्वांना सांगत असतो. त्या साखळीतली आपली कडी स्वतः उचलून दाखवणारं या घरात हे पहिलं माणूस.

अंगठी परत करण्याला एक व्यावहारिक अर्थही आहे. क्रॉफ्ट कंपनी बर्लिंगपेक्षा जुनी आणि मोठी आहे, आणि या लग्नाने दोन्ही कारखाने खर्च कमी आणि भाव जास्त ठेवायला एकत्र येतील अशी आशा बर्लिंगने जेवणाच्या टेबलावर बोलून दाखवलेली असते. म्हणजे शीलाही एका सौद्याचा भाग आहे, मऊ गादीवर बसलेला असला तरी. अंगठी उतरवून ती वडिलांचा व्यवसायही अडवते. १९१२च्या इंग्लंडमध्ये मताचा अधिकार नसलेल्या मुलीच्या हातात याहून मोठा नकार फारसा नव्हता. १९१८च्या कायद्याने मत मिळालं ते तिशी ओलांडलेल्या आणि मालमत्तेची अट पुरी करणाऱ्या बायकांना; पुरुषांच्या बरोबरीने, एकविसाव्या वर्षी, १९२८ साली. विशीतल्या शीलाला १९१८मध्येही मत देता आलं नसतं.

तिसरा अंक: भीती गेल्यावर

इन्स्पेक्टर शेवटचं भाषण करून जातो. तो खरंच पोलीस होता का, ही शंका पहिल्यांदा शीलाच काढते, आणि तीच लगेच म्हणते, की त्याने आता काय फरक पडतो? वडिलांना मात्र त्याने सगळाच फरक पडतो. जेराल्ड बाहेरून बातमी आणतो, की या नावाचा इन्स्पेक्टर पोलिसांत नाही. बर्लिंग मुख्य अधिकाऱ्याला फोन करून खात्री करतो. मग जेराल्ड तर्क लढवतो: फोटो ज्यांना दाखवला त्यांना एकेकट्याने दाखवला होता, कदाचित फोटो वेगवेगळे असतील, मुली वेगवेगळ्या असतील. इस्पितळात फोन केल्यावर कळतं, गेल्या कित्येक महिन्यांत तिथे आत्महत्येची एकही केस आलेली नाही. बर्लिंग हसू लागतो, ग्लास भरतो. सगळं पूर्ववत.

शीला विरोध करते आणि तिचा मुद्दा असा आहे: आपण जे जे केलं म्हणून कबूल केलं ते सगळं खरोखर घडलं आहे. त्याचा शेवट मृत्यूत झाला नसेल तर ते आपलं नशीब. होऊ शकला असता.

हे नीट समजून घ्यायला हवं. समजा, दोन माणसं सारख्याच बेफिकिरीने गाडी चालवतात. एकासमोर मूल येतं, दुसऱ्यासमोर येत नाही. पहिल्याला आपण गुन्हेगार म्हणतो, दुसरा घरी जाऊन जेवतो. कृती एकच, निकाल योगायोगाचा. बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगल या तत्त्वज्ञांनी १९७६मध्ये याच पेचावर लिहिलं आणि 'नैतिक नशीब' हा विषय तत्त्वज्ञानाच्या चर्चेत कायमचा आला. प्रीस्टलीच्या नाटकात तो विशीतल्या मुलीच्या तोंडून तीस वर्षं आधी येऊन गेला आहे. आईवडील निकालाकडे बघतात: मृतदेह नाही, म्हणजे अपराध नाही. शीला कृतीकडे बघते.

दुसरा भेद लाज आणि अपराधभाव यांचा. बर्लिंगला सरदारकीच्या यादीत नाव येण्याची आशा आहे. त्याची सगळी धडपड बोभाटा होऊ नये यासाठी. लाजेला बघणारा लागतो, आणि बघणारा खोटा निघाला की लाजही विरते. शीलाचा अपराधभाव इन्स्पेक्टर गेल्यावरही टिकतो, म्हणून तो तिचा स्वतःचा झाला असं म्हणता येतं. पहिल्या अंकातलं रडणं इन्स्पेक्टरसमोरचं होतं. तिथे दोन्ही भावना मिसळलेल्या असतात आणि वेगळ्या काढता येत नाहीत. तिसऱ्या अंकात प्रीस्टली बघणारा काढून घेतो आणि काय उरतं ते दाखवतो. शीलाबरोबर एरिकही तिथे ठाम उभा राहतो, हे विसरू नये.

१९१२ का, १९४५ का?

नाटक १९४४-४५च्या हिवाळ्यात लिहिलं गेलं. पहिले प्रयोग १९४५मध्ये सोव्हिएत संघात झाले. लंडनमध्ये ते १ ऑक्टोबर १९४६ला न्यू थिएटरमध्ये आलं. राल्फ रिचर्डसन इन्स्पेक्टर होते, ॲलेक गिनेस एरिक, मार्गारेट लेटन शीला. मधल्या काळात, जुलै १९४५मध्ये, लेबर पक्ष प्रचंड बहुमताने निवडून आला होता. १९१२मध्ये बावीस वर्षांची असलेली मुलगी १९४५मध्ये पंचावन्नची होते. म्हणजे शीलाच्या पिढीचे लोक प्रेक्षागृहात बसलेले होते, दोन महायुद्धं पाहून. टायटॅनिक बुडणं अशक्य आहे आणि युद्ध होणार नाही, असं बर्लिंग बोलतो तेव्हा हसणाऱ्या प्रेक्षकाला शीला हा प्रश्न टाकते, की तुम्हाला तेव्हा कळलं होतं, मग तुम्ही काय केलं?

ती काय करत नाही

शीलाची आरती ओवाळण्याआधी जमाखर्च मांडायला हरकत नाही. इव्हाचे अंत्यसंस्कार कोण करणार, हे ती विचारत नाही. कारखान्यात अजून साडेबावीस शिलिंगांवर राबणाऱ्या बायकांबद्दल तिसऱ्या अंकात चकार शब्द काढत नाही. टेबल आवरणारी एडना ही मोलकरीण नाटकात अधूनमधून ये-जा करते. कामाच्या चार शब्दांपलीकडे तिच्याशी कुणी बोलत नाही, शीलाही नाही. आणि इव्हा तर रंगमंचावर येतच नाही. तिची कहाणी आपल्याला तिला दुखावणाऱ्यांच्या तोंडून कळते, म्हणजे श्रीमंत मुलीच्या शहाणपणाची किंमत गरीब मुलीच्या मरणाने चुकवली जाते. हा आक्षेप रास्त आहे आणि नाटकापाशी त्याला पुरतं उत्तर नाही. वाचकाने मात्र तो आक्षेप शीलावर ढकलू नये. एका संध्याकाळीत तिला इतकंच जमतं.

तालमीत कुठे घसरतं

शीलाचं काम करणाऱ्या मुली आणि त्यांचे दिग्दर्शक ठरावीक जागी चुकतात. पहिली चूक: पहिल्या अंकात तिला खाष्ट दाखवणं. संहितेत ती आनंदी, उत्साही आणि जगावर खूश असलेली मुलगी आहे. ती प्रेक्षकाला आवडली पाहिजे, तरच मिलवर्ड्सची हकिकत बोचते. आधीच कपाळावर आठ्या असतील तर त्या गोष्टीचा धक्का बसत नाही. याच कारणासाठी 'गेल्या उन्हाळ्या'चा टोला वेळ वाचवायला कापू नये. पुढचा अख्खा जेराल्ड-प्रसंग त्यावर उभा आहे.

दुसरी चूक रडण्याच्या हिशेबाची. फोटो पाहिल्यावर सगळं पाणी वाहून गेलं की दुसऱ्या अंकासाठी काही उरत नाही आणि पुढचा तास एकाच सुरात जातो. फोटोला फक्त दाबलेला हुंदका आणि बाहेर जाणं, एवढंच पुरे. रडून आल्याचं परतताना चेहऱ्यावर दिसतं. हसण्याची जागा राखून ठेवावी: पहिल्या अंकाच्या शेवटी जेराल्ड इन्स्पेक्टरपासून डेझी लपवू बघतो तेव्हा ती उन्मादात हसते आणि त्याला मूर्ख म्हणून सांगते, की त्याला सगळं माहीत आहे. ते हसू ऐकू आलं की प्रेक्षकाला कळतं, या खोलीत सगळ्यात आधी हिला उमगलंय.

तिसरी चूक म्हणजे अंगठी फेकणं किंवा टेबलावर आपटणं. संवाद आदराचा आणि हात रागाचा, असं झालं की दोन्ही खोटं वाटतं. ती हातात द्यावी, घाई न करता, आणि बर्लिंगने मध्ये बोलावं तेव्हा शीलाने जेराल्डवरची नजर हलवू नये.

चौथी आणि सगळ्यात नडणारी: तिसऱ्या अंकात प्रवचनकार होणं. तिची वाक्यं पल्लेदार भाषणासारखी ताणली की ती इन्स्पेक्टरचा भोंगा वाटते. ती घाबरलेली आहे. तुमचं बोलणं ऐकून मला भीती वाटते, असं ती आईवडिलांना सांगते. आवाज खाली ठेवून, बाकीच्यांच्या हसण्याच्या मधून वाट काढत हे बोललं तर जास्त पोचतं. प्रकाशयोजनेचीही मदत घ्यावी: इन्स्पेक्टर येईपर्यंत उजेड गुलाबी, घरगुती असावा आणि तो आल्यावर लख्ख, कडक व्हावा, अशी प्रीस्टलीची सूचना आहे. तो गेल्यावर काही दिग्दर्शक उजेड पुन्हा गुलाबी करतात. बर्लिंगच्या बाजूने ते गमतीचं ठरतं, पण मग शीला आणि एरिक त्या उबेच्या बाहेर उभे हवेत. स्टीफन डाल्ड्री यांनी १९९२मध्ये नॅशनल थिएटरसाठी केलेल्या प्रयोगात बर्लिंगचं घरच उंच खांबांवर ठेवलं होतं आणि ते उघडून कोसळत होतं. घराच्या आत कोण आणि बाहेर कोण, हा प्रश्न तिथे नेपथ्यानेच सोडवला. छोट्या गटाला एवढं परवडत नाही, तेव्हा नटांच्या जागांवरच भागवायचं.

शेवट अंगठीचा. सगळं निवळलं असं वाटल्यावर जेराल्ड अंगठी पुन्हा पुढे करतो आणि शीला म्हणते, आत्ता नाही, फार लवकर होतंय, मला विचार करायला हवा. काही प्रयोगांत हे ठणकावून दिलेल्या नकारासारखं म्हटलं जातं. संहितेत तसं नाही. ती दार बंद करत नाही. तिने कायमचं नाही म्हटलं तर प्रेक्षक तिच्यापुरता सुटतो, हो म्हटलं तर सगळा बदल वाया जातो. म्हणून हे वाक्य अर्धवट सोडूनच म्हणावं, हात मागे घेऊ नये आणि पुढेही करू नये. लगेच फोन वाजतो. एक मुलगी इस्पितळात नेताना आत्ताच वारली आहे आणि एक पोलीस इन्स्पेक्टर चौकशीला निघाला आहे. रिसीव्हर बर्लिंगच्या हातात असतो. त्या वेळी बाकीचे त्याच्याकडे वळतात. शीलाला मात्र दिग्दर्शकाने वळवू नये, कारण या बातमीने तिच्यासाठी नवं काहीच घडलेलं नाही.